एरंडेल आणि पांढरी पावडर

आमचा पावटा दुकानात मिळत नाही. तो माझ्या माहेरचा, राधानगरीकडचा. लग्नानंतर बी आणलं आणि कळंब्याच्या शेताच्या बांधावर दरवर्षी टोकत आले. दोन वर्षांपूर्वी पाऊस उघडलाच नाही आणि तिकडे थोरल्या बहिणीचा सगळा पावटा कुजला. म्हणजे दोन्ही घरांचं बी माझ्याच दोन डब्यांत उरलं.

कीड लागू नये म्हणून सासूबाई बियाण्याला भाताच्या तुसाची राख चोळायच्या. आता चुलीच नाहीत, राख आणायची कुठून? मी एरंडेल लावायचे. त्या साली सुनेनं राजारामपुरीतून सिलिकाची पावडर आणली, मैद्यासारखी मऊ.

"किड्याच्या अंगावरचं त्येल ही शोषून घेती," ती म्हणाली. "किडा वाळून मरतो. इख न्हाय ह्ये."

दोन्ही लावलं तर किडा नक्की मरेल, असं मला वाटलं. मी आधी थोडं एरंडेल चोळलं आणि वर पावडर टाकली.

"आत्याबाई, कोरड्या बियालाच लावा म्हणून पाकिटावर लिवलंय की!"

"लिवणाऱ्यानं कधी पावटा टोकलाय काय?"

मी चौथीपर्यंत शिकले आहे. पाकीट मला वाचता आलं असतं. वाचलं नाही. एक डबा झाला आणि एरंडेल संपलं. दुसऱ्याला नाइलाजानं नुसती पावडर चोळली.

आखाडात डबे उघडले. पहिल्यातल्या दाण्यांना भोकंच भोकं, तळाला पीठ, आणि भुंगे तुरुतुरु पळताहेत. पावडर माझंच तेल पिऊन बसली होती, किड्याचं काय शोषणार? दुसऱ्या डब्यातला दाणा अख्खा होता. पाच-सहा भुंगे होते, ते मेलेले.

"एरंडेल आणू काय आजून?" सुनेनं विचारलं. तिला तेवढं बोलायचा हक्क होता.

बहिणीला फोन करून खरं ते सांगितलं.

"म्हातारे, अक्कलबी त्येलात घातलीस काय?" ती ओरडली. मग आवाज खाली आला. "मला किती देतीस?"

"उरल्यातलं निम्मं."

सून जाऊन देऊन आली. त्या साली आमचा निम्म्याहून जास्त बांध मोकळा राहिला. कुणी विचारलं की कारण सांगायचे, लपवायचं काय त्यात?

माघात शेंगा वाळल्या. बी तीन दिवस उन्हात टाकलं, दाताखाली कट्ट वाजलं तेव्हा उचललं. चष्मा लावून पाकीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग नाकातोंडाला पदर बांधून पावडर चोळली. एरंडेल आता गुडघ्यांना लावते.