चालणारा धर्मा आणि दोन इंच छाती

किस्से साठवावे लागत नाहीत हो, ते आपोआप साठतात. चिखलातून घरी यावं आणि चपलेला निम्मं शेत चिकटलेलं असावं, तसे. काल आमच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर वाद पेटला, की नुसतं चालून तब्येत बनते का? एक म्हणाला, "अर्धा तास चाललं की झालं!" दुसरा म्हणाला, "छे! वजनं उचलायला हवीत." मला आमचा धर्मा आठवला होता, आणि धर्मा आठवला की त्याच्यामागून सगळेच येतात.

एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथच्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मी आणि धर्मा बदली कामगार होतो. म्हणजे कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी आम्ही. धर्मा चामटोलीचा, अंगानं काडी. तिथून बदलापूर, बदलापूरहून अंबरनाथ, सगळं पायी! गाडीच्या वेळेचं आणि आमच्या पाळीचं कधी जमलंच नाही. बदलापुरात मी त्याला सामील व्हायचो आणि आमच्याबरोबर असायचे वस्ताद. वस्ताद कारखान्यात बॉयलरवर होते आणि संध्याकाळी गावात तालीम चालवायचे.

वस्तादांचं एक ठाम मत होतं. "चालणं हा व्यायामच नव्हे. जोर मारा, बैठका काढा. चालतं काय, गाढवसुद्धा चालतं!"

धर्मा म्हणाला, "खरं हाय वस्ताद. पण पोट सुटलेलं गाढव तुम्ही कंदी बघितलंय?"

वस्तादांनी सदरा पोटावरून खाली ओढला आणि चालीचा वेग वाढवला.

*

आम्ही चालायचो ते रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून. ते स्लीपर फार वाईट. एकेक घ्यावा तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून पाऊल टाकावं तर ढांग पुरत नाही. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या चालीत एक आखूड, एक लांब असा हिसका बसला होता. सपाट रस्त्यावरसुद्धा तो जायचा नाही.

धर्मा सोनिवलीला मुलगी बघायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. नवा सदरा, डोक्याला तेल, सगळं झकास. अंगण ओलांडून हा ओटीवर पोचला आणि मुलीच्या बापानं मला बाजूला घेतलं. "पाव्हणं, खरं सांगा. मुलगा लंगडतो काय?"

मी काही बोलायच्या आत दाराआडून आवाज आला. "लंगडत नायत बाबा. रुलावरची चाल हाय ती. आपला दादा पन तसाच चालतो!"

धर्मा त्या आवाजावरच खलास झाला. बापालाही मुलगा आवडला होता, पण त्यानं अट घातली. "बदलीवाल्याला मुलगी नाय द्यायची. पक्के व्हा, मग या. दिवाळीपर्यंत वाट बघतो."

*

पक्कं व्हायचं म्हणजे डॉक्टरी तपासणी. श्वास भरल्यावर छाती दोन इंच फुगली पाहिजे, हा कारखान्याचा नियम. तपासायला यायचे उल्हासनगरच्या कॅम्पातले एक सिंधी डॉक्टर. फाळणीनंतर नुकतेच इकडे आलेले, बराकीत राहायचे. माणूस अतिशय प्रेमळ, पण फितीच्या बाबतीत देवालाही सवलत नाही!

पहिल्या खेपेला धर्माची छाती दीड इंच फुगली.

"साईं, आधा इंच कमी," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मी रोज बारा-चौदा मैल चालतो!"

"चालतोस ते पाय. मी मापतो ती छाती."

पुन्हा एक संधी होती, दसऱ्यानंतर. ती गेली की पक्की नोकरी गेली, आणि सोनिवलीही गेली. परतीच्या वाटेवर धर्मा श्वास भरभरून स्वतःची छाती चाचपत राहिला. त्या दिवशी वस्तादांनीसुद्धा त्याची चेष्टा केली नाही. "उद्यापासून तालमीत ये," एवढंच म्हणाले.

*

तालमीत पहिल्याच दिवशी वस्तादांनी शंभर बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी धर्मा उठला तो चार पायांवरच. मी बदलापूरच्या फाटकाशी वाट बघून कंटाळलो. हा आला तो कुणाच्या तरी गवताच्या बैलगाडीत, वर आडवा पडून! आयुष्यात पहिल्यांदाच पाळीला उशीर झाला.

मुकादमानं विचारलं, "काय रे, आजारी होतास?"

"नाय," धर्मा म्हणाला. "व्यायाम केला."

*

एकदा डॉक्टर मला आणि धर्माला अंबरनाथ स्टेशनापाशी भेटले. तेसुद्धा पलीकडून, कॅम्पातून पायीच यायचे. मी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा, नुसतं चालून माणूस तंदुरुस्त होतो का?"

ते हसले. मग म्हणाले, "घर सोडलं ना, तेव्हा कराचीच्या बंदरापर्यंत चाललो. आई माझ्याबरोबर. सत्तर वर्षांची. ती नुसतं चालूनच पोचली." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण तिची छाती मी मापली नव्हती."

मग आम्ही तिघंही कारखान्याच्या वाटेला लागलो. आज डॉक्टर नाहीत, वस्ताद नाहीत. कधी कधी मला वाटतं, त्या वाटेवरून त्यांच्याबरोबर एकदाच चालायला मिळावं. व्यायाम होवो न होवो.

*

दसरा झाला. तपासणीचा दिवस. धर्मा पुढे, त्याच्यामागे मी, कारण मलाही पक्कं व्हायचं होतं. मागे आणखी सात-आठजण. वस्ताद दारात उभे, हात जोडून. धर्माचा चेहरा पांढराफटक.

डॉक्टरांनी एव्हाना अस्सल मराठी बोलायचं मनावर घेतलं होतं. आम्ही श्वासाला 'दम' म्हणतो हे त्यांनी ऐकून ठेवलं होतं. त्यांनी धर्माच्या छातीभोवती फीत गुंडाळली, कानात नळ्या घातल्या आणि मोठ्या हौसेनं शुद्ध मराठीत हुकूम सोडला.

"दम भर!"

धर्मा गोंधळला. "आं? कुनाला?"

नळ्यांमुळे डॉक्टरांना काही ऐकू गेलं नाही. "भर, भर! घाबरू नको. जोरात भर!"

धर्मानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? त्यानं वस्तादांकडे बघितलं. वस्ताद नुसते मान डोलावत होते. खोलीत दम भरण्यासारखं समोर दुसरं कुणी नव्हतंच! मग धर्मानं डोळे मिटले, भाता फुगावा तशी हवा आत ओढली आणि डॉक्टरांच्या तोंडावर सुरू झाला.

"ओ डॉक्टर! गुमान पास करा, सांगून ठेवतो! रोज सा-सात मैल येतो, सा-सात मैल जातो, पावसात येतो, तापात येतो! कंदी खाडा नाय! तिकडं पोरगी थांबलीय माझ्यासाठी, आनि तुम्ही अर्ध्या इंचासाठी अडवता? आता नापास केलात ना, तर गाठ माझ्याशी हाय!"

वस्तादांचे जोडलेले हात तसेच डोक्यावर गेले. धर्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डॉक्टर मात्र पहिल्या श्वासापासूनच फितीवर वाकलेले. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग कानातल्या नळ्या काढल्या आणि धर्माच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास साईं! सव्वादोन इंच! पास!"

आणि आम्हा रांगेतल्या सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलं? सगळ्यांनी असाच दम भरायचा. चला, पुढचा कोण?"

पुढचा मी होतो.