शेवटचा आकडा

आमच्या छोट्या कंपनीत प्रयोगशाळांसाठी नाजूक तराजू बनतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर मी लिहितो. काल मोठ्या ऑर्डरसाठी पाहुणे आले होते. पंखे बंद होते; पण फोटोत चमकते म्हणून मालकांनी तराजूवरची, वारा अडवणारी काचेची पेटीच काढून ठेवली होती. पडद्यावरचा शेवटचा आकडा थरथरत राहिला.

मालक माझ्या कानाशी लागले. "अरे, गोठवून टाक ना तो! पाहुणे जाईपर्यंतच."

एका ओळीचं काम होतं. स्थिर असणं आणि स्थिर दिसणं यांत बहुधा तेवढंच अंतर असतं. पुष्कळ थोर माणसं त्या एका ओळीवर चालतात. माझी बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली.

"हा हलतोय कशानं?" पाहुण्यांनी आठ्या घालून विचारलं.

"साहेब, पेटी काढलीय. आपण सगळे श्वास घेतोय, तो लागतोय त्याला," मी म्हणालो.

मालकांचा चेहरा पडला. पाहुण्यांनी मात्र वाकून श्वास रोखला. मग मालकांनी, मग आम्ही सगळ्यांनी.

आकडा थांबला.

आता ऑर्डर मिळाली की गेली, हे सांगायला कुणालातरी तोंड उघडावं लागणार होतं.