बारा चकत्यांचा मुद्देमाल

ती घटना अजूनही माझ्या मनातून उतरलेली नाही. सत्तरच्या दशकात मी वाशीमकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. निनावी चिठ्ठी आली, की रिठदच्या बाजूच्या एका खेड्यात, बौद्ध वस्तीत, एक बाई जुगाराचा अड्डा चालवते. वस्तीचं नाव आलं की चौकशीआधी छापा, ही तेव्हाची रीत. त्या रीतीची मला आज लाज वाटते.

छाप्यात ना पत्ते मिळाले, ना पैसे. पत्र्याच्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळलेल्या बारा रंगीत चकत्या मिळाल्या. त्यांवर इंग्रजी आकडे, मधोमध कागदी चित्र. पंचनामा करून बाईंना ठाण्यात आणलं.

"कोणासंगं खेळते?" आमचे जमादार गरजले.

"एकटीनं जुगार होते काय, जमादारसायेब? मीच जितू अन् मीच हारू?"

मला हसू आलं, जमादारांना नाही.

"मायं पोरगं जहाजावर हाय. त्यानंच धाडल्या. तिकडच्या जुन्या जुगारघराच्या हायेत म्हने, पैशाच्या जागी लावाच्या. शौकीन लोकं जमा करतात. त्याची चिठ्ठी हाय घरी."

मी शिपाई पाठवून पत्र मागवलं. तेवढ्यात जमादारांनी बक्कल घासायची चिंच-राख काढून एक चकती घासली होती. "मुद्देमाल कोर्टात चमकला पाहिजे, साहेब!" चित्र निघून आलं होतं, कडा झिजली होती.

पाकिटावर परदेशी तिकीट होतं. मी मोठ्यानं वाचू लागलो: "आई, या पितळेच्या नाहीत, राख-चिंच लावू नको. पाण्यात बुडवू नको, मधला कागद सुटेल. आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ झाड. मळ राहिलाच तर फडकं ओलं करून घट्ट पिळ, हलक्या हातानं पुस, लगेच कोरडं कर. उन्हात ठेवू नको. मी आलो की दोघं मिळून पुसू."

बाई माझ्याबरोबर पुटपुटत होत्या. वाचता येत नसूनही त्यांना सगळं पाठ होतं. पत्र सहा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर एकही आलं नव्हतं.

गुन्हा उरलाच नाही. मी चकत्या परत केल्या. घासलेली त्यांनी पदरानं पुसली. "आता त्याले काय सांगू?"

जमादारांनी चिंच-राख खणात सारली.

"मुलगा हरवल्याची तक्रार का नाही दिली, बाई?" मी विचारलं.

"देल्ली ना, सायेब. याच ठान्यात आल्ती. जवान पोरगं हाय, येईन म्हने. लिवूनच नाही घेतलं."

मी जुन्या डायऱ्या काढल्या. नोंद नव्हती. सही नसलेल्या चिठ्ठीवर आम्ही त्याच दिवशी जीप काढली होती. आईचं बोलणं मात्र सहा वर्षांत कागदावर उतरलं नव्हतं. कायदा आंधळा असतो म्हणतात. मी पाहिलेला कायदा डोळस होता, कोणाकडे बघायचं नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

मी स्वतः तक्रार लिहून घेतली. अंगठा उठवून त्यांनी विचारलं, "आता लिवलं ना, सायेब? मंग सापडन ना तो?"

सहा वर्षांनी माग लागणं किती अवघड, हे मला माहीत होतं. तरी मी "हो" म्हणालो. सबंध नोकरीत मी दिलेला तेवढा एकच खोटा जबाब.