बंद रजिस्ट्री आणि फोनवरचा आवाज

आळेफाट्याला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. एक गाळा, त्यात कॉम्प्युटर, प्रिंटर आणि नमुन्यांचे अल्बम. शेजारच्या गाळ्यात नवरा गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. पिंपळवंडीहून आम्ही दोघं सकाळी मोटरसायकलवर यायचो. दुपारी नाशिककडच्या गाड्या निघून गेल्या की फाटा जरा पेंगायचा. शटर अर्धं ओढून, पडद्यावरच्या गणपतीखाली किंवा बुद्धमूर्तीखाली मी कुणाच्या तरी मामा-काकांची नावं टाइप करत बसायचे. त्या अर्धवट उजेडात सगळी लग्नं मला एकाच गावातली वाटायची.

अशाच एका दुपारी एक पाव्हणे पेनड्राइव्हमधून फोटो घेऊन आले. पेनड्राइव्ह लावला आणि मशीन जड झालं. फोल्डरच्या सेटिंग्ज मेनूतून गायब झाल्या, अडकलेले प्रोग्रॅम बंद करायचा टास्क मॅनेजर उघडेना. कॉम्प्युटरच्या सगळ्या सेटिंग्ज जिथं साठवलेल्या असतात ती रजिस्ट्री उघडायला गेले, तर पाटी आली की तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे.

नवऱ्याला हाक मारली. तो काळे हात पुसत आला.

"ह्यो ॲडमिनिस्ट्रेटर कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

"मग तू कशाला बंद केलंस?"

तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. मग म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं टाक की."

पण पुसलं असतं तर मराठी फॉन्ट, कीबोर्ड, प्रिंटरशी जुळवलेली कागदाची मापं, सगळंच गेलं असतं. ते जमवता जमवता माझा अख्खा हिवाळा गेला होता. जिथून मशीन घेतलं होतं, त्या पुण्याच्या दुकानात फोन लावला. एका बाईचा शांत, पुस्तकी आवाज आला.

"आधी पेनड्राइव्ह काढून ठेवा, मॅडम. व्हायरस आहे तो. तुमच्या नावानं त्यानंच कुलूप घातलंय. तुमचं काही चुकलेलं नाही."

तिच्या सांगण्यावरून मशीनबरोबर आलेल्या सीडीवरचा अँटिव्हायरस चालवला आणि परत फोन केला. मग एकेक अक्षर सांगत तिनं मला ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे मशीनवर काय चालेल नि काय नाही ते ठरवणाऱ्या खिडकीत नेलं. तिथं रजिस्ट्रीवरच्या मनाईची एक ओळ होती. ती आधी एनेबल करायची, मग डिसेबल.

"मनाईच बंद करायची?"

"हो. मनाईला मनाई."

रजिस्ट्री उघडली. व्हायरसनं घातलेल्या नोंदी कधी एकदा उडवते असं मला झालं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हात लावायच्या आधी एक्स्पोर्ट करा. आहे तसं सगळं एका फाइलमध्ये उतरवून घ्या."

"पण हे तर बिघडलेलंच आहे."

"असू द्या. याहून बिघडलं, तर निदान इथवर परत येता येईल."

फाइल तयार व्हायला वेळ लागत होता. पडद्यावर वाळूचं घड्याळ होतं. फोन आम्ही दोघींनीही ठेवला नाही. बाहेरून गाणी वाजत गेली.

"कसला आवाज तो?"

"उसाचे ट्रॅक्टर. पारगावच्या कारखान्याला निघालेत."

"आमच्याकडं ऊस नाय. भात व्हता," ती म्हणाली.

मी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"आंबेगावच्या डोंगराकडल्या. गाव धरणात गेलं, मी लहान व्हते. दादांनी, आमच्या वडलांनी, घराची चौकट काढून आणली, नव्या घराला लावायला. ती बसलीच नाय. लई रुंद व्हती." मग तिचा पुण्याचा आवाज परत आला. "झाली का फाइल?"

झाली होती. तिनं दाखवलेल्या नोंदी उडवल्या, मशीन बंद करून चालू केलं, आणि सगळं जिथल्या तिथं दिसायला लागलं. मग तिनं नीट झालेल्या सेटिंग्जचीही एक प्रत सीडीवर घ्यायला लावली.

त्यानंतर बारीकसारीक अडचणीलाही मी फोन करायचे. कधी अडचण नसतानाही. पुढं एकदा ती स्वतःच दुकानात आली. बुटकी, केस पिकायला लागलेली बाई. तोंड उघडेपर्यंत मी ओळखलं नाही. भावाच्या लग्नाची पत्रिका छापायची होती.

पत्त्यापाशी येऊन मी थांबले. "गाव कुठलं घालू?"

"भाऊ म्हणतो, धरणानंतर दिलेल्या वसाहतीचं घाल." ती पडद्याकडे बघत राहिली. "तू दोन्ही लिही. जुनं वर."

"कुणी विचारलं, हे गाव कुठंय, तर?"

"विचारू दे."

इतके दिवस अहो-जाहो करणारी ती मला 'तू' म्हणाली, हे मला तिची बस निघून गेल्यावर ध्यानात आलं.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. पत्रिका मी छापली हे कळल्यावर एक म्हातारे माझ्या शेजारी येऊन बसले. जुन्या गावाचं नाव वर छापलेलं बघून मी त्यांच्याच बुडालेल्या गावची, असं त्यांना वाटलं होतं. नाही म्हटल्यावर त्यांनी मला तिथं कसं जायचं ते सांगायला घेतलं. ओढा ओलांडायचा, उंबराच्या डाव्या अंगानं वर चढायचं, कुत्री भुकली तरी भ्यायचं नाय, पहिलं घर त्यांचं. पंगती बसल्या तरी ते वाट सांगतच होते, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या मागून चालत होते.