अनवाणी वाजवणारा गणपत

मुंबईच्या स्टुडिओत आला की गणपत आधी चपला दाराबाहेर काढायचा. एसीनं गारठलेल्या फरशीवर अनवाणी उभा राहून बेस गिटार गळ्यात अडकवायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "जमीन पायाला लागल्याबिगर माझा हात चालत नाय." किती गाण्यांत त्यानं वाजवलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कॅसेटवर बेसवाल्याचं नाव छापत नसत.

तो वरंधचा, मी जवळच्याच बिरवाडीचा. गाण्यात कुणी कुठं काय वाजवायचं, ते मी लिहून द्यायचो. गणपत बढाईखोर होता, हेही सांगायला हवं. "गायक बदला दादा, गाणं चालंल. मला बदलून बघा!" शिमग्याला मात्र तो मुंबईत सापडत नसे. गावच्या पालखीला खांदा द्यायला हातातलं काम सोडून जायचा.

एका गाण्याची सुरुवात मला काही केल्या जमेना. गणपतनं माझा कागद बाजूला सारला.

"पालखी नाचवताना गडी आधी गुडघ्यात वाकतो, मग उसळतो. तसं वाजवू?"

त्यानं वाजवलं. त्या सुरुवातीवरच गाणं घरोघरी गेलं.

पुढे टीव्हीवर मला विचारलं, ही सुरुवात सुचली कशी? मी म्हणालो, "लहानपणी गावची पालखी बघायचो, त्यातून सुचली." त्याचं वाजवणं घेतलंच, पालखीही घेतली.

म्हातारपणी गणपत वरंधला परतला. गेल्या शिमग्याला मी तिथं गेलो. पालखी सहाणेवर, तिच्या विसाव्याच्या चौथऱ्यावर, टेकली होती, भोवती गाव बसलं होतं. त्याच्या पुतण्यानं मला ओळखलं.

"बरं झालं आलात! काका म्हणायचे, त्या गाण्याची सुरुवात माझी. आम्ही म्हणायचो, काका, किती फेकाल? टीव्हीवर तर दादा, तुम्हीच सांगत व्हता, तुम्हाला सुचली म्हणून! आता तो विषयच काढत नायत."

सगळे हसले. गणपतही हसला, पण मान खाली घालून.

मी उभा राहिलो. "टीव्हीवर मी खोटं बोललो. ती सुरुवात गणपतची आहे. मी फक्त ऐकत बसलो होतो."

गणपतनं सावकाश मान वर केली. "ऐकलंत काय रे?" त्यानं सगळ्यांना विचारलं. मग माझ्याकडे वळला. "लय उशीर केलात, दादा."

ढोल सुरू झाले, तशी माणसं उठली.

"चपला काढा," गणपत म्हणाला. "खांदा अनवाणी द्यायचा असतो."

मी दांडा खांद्यावर घेतला. तो शेजारून चालत होता, दांड्यावर बोटं वाजवत.

यंदाच्या शिमग्याला गणपत हयात नव्हता. पालखी उचलली, तेव्हा पुतण्या ढोलवाल्यांना म्हणाला, "काकांची सुरुवात वाजवा."