मुद्दाम उतरवलेला सूर

"मॅडम, आधी ऐका, मग बघा."

असं म्हणून ते पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखालून निघालेला लोखंडी ब्रॅकेट दोन बोटांत लोंबता धरायचे आणि पान्याच्या टोकानं त्यावर हलकेच टिचकी मारायचे. खणखणीत आवाज आला की तुकडा चांगला. बद्द आला की कुठंतरी केसाएवढी चीर. मी हातात भिंग घेऊन उभी असायचे. मला एक चीर सापडेपर्यंत त्यांचे दहा तुकडे ऐकून झालेले असायचे.

नागापूरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी क्वालिटीला लागले, तेव्हा ते प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढून बसले होते. प्रत्येक कारखान्यात असा एक माणूस असतो, तुम्हीही पाहिला असेल. त्याला पद काही नसतं, पण मशीन रुसलं की साहेबसुद्धा आधी त्यालाच हाक मारतात.

प्रेस शॉपमध्ये धाडधाड इतकी की बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. सगळ्यांना इअरप्लग दिलेले. त्यांचे इअरप्लग मात्र दोरीला बांधून गळ्यात, गंडा घातल्यासारखे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "ते घातलं का प्रेस काय म्हनतीय ते कळत न्हाई. तिचं बोलनं ऐकावं लागतं, मॅडम."

दर रविवारी ते चर्चमध्ये गिटार वाजवायचे. वडिलांनी शिकवलेली. उपासनेतली गाणी वाजवून झाली की घरी येऊन स्वतःची करायचे. गाणी देवाची नव्हती, प्रेमाचीही फारशी नव्हती. कुणाची सायकल पंक्चर झाली त्याचं गाणं. कँटीनच्या पातळ डाळीचं गाणं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये बसून ती ते आम्हाला ऐकवायचे, आणि डबे उघडे ठेवून आम्ही ऐकायचो.

त्यांची एक भाची होती, शाळेत विज्ञान शिकवणारी. मामाचा तिच्यावर आणि तिचा मामावर फार जीव. ती बेस गिटार वाजवायला शिकली. कंपनीचा माल वाहणारा टेम्पोवाला पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा, त्याला ड्रमवर बसवलं. तिघांनी बँडचं नाव ठेवलं 'जेवणाची सुट्टी'. पहिली दोन गाणी इंटरनेटवर टाकली ती आम्हीच कंपनीतल्या लोकांनी ऐकली, आणि टेम्पोवाल्याच्या बायकोनं, तीही तक्रार करत.

तिसरं गाणं दोन वर्षांपूर्वीचं. 'हात हलतात'. शिफ्ट सुटून माणूस घरी येतो, पण त्याचे हात प्रेसवर चालल्यासारखे चालूच राहतात. ताटात, अंथरुणात, लेकराच्या पाठीवर. त्यात एक ओळ होती, 'बायको म्हणते, आता तरी मशीन बंद कर.' भाचीच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून ते रेकॉर्ड केलं. मला पाठवलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. काहीतरी खटकलंही, पण ते काय हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा नीट बोलले नाही.

गाण्यावरच्या प्रतिक्रिया गोळा करायची त्यांना हौस. खिशातल्या डायरीत लिहून ठेवायचे. कँटीनवाला म्हणाला, "नाचता येत न्हाई याच्यावर." चर्चमधले एक ज्येष्ठ म्हणाले, "चांगलं आहे, पण यात प्रभू कुठे आहे?" सुपरवायझरनं घाबरून विचारलं, "कंपनीचं नाव नाही ना घेतलं?" आणि त्यांच्या स्वतःच्या बायकोनं, त्या सरकारी दवाखान्यात नर्स, एवढंच विचारलं, "मी असं कधी म्हणाले?"

मग एका दुपारी ते मोबाईल घेऊन माझ्या टेबलाशी आले. नव्या गाण्यांवर लिहिणारी पुण्याची एक वेबसाईट होती. तिच्यावर कुणीतरी 'हात हलतात'वर मोठा लेख लिहिला होता. इंग्रजीत.

"वाचा बरं. पास का रिजेक्ट, तेवढं सांगा."

मी वाचू लागले. इंग्रजी मला ठीक येतं, पण ते इंग्रजी वेगळंच होतं. अर्ध्या वाक्यांना सुरुवात सापडत नव्हती, उरलेल्यांना शेवट. मी अडखळत सांगितलं, "असं लिहिलंय की, हा गायक सुराच्या किंचित खाली उभा राहतो."

"कुठं उभा राहतो?"

"सुराच्या खाली. म्हणजे, मुद्दाम. आजकाल सगळे यंत्रानं आवाज सरळ करून घेतात ना, त्याला तुम्ही नकार दिलाय म्हणे. उतरलेल्या सुरातून थकलेल्या शरीराचं सत्य बोलतं. धाडसी आहे म्हणे."

"म्हणजे शिव्या दिल्या का?"

"नाही हो. कौतुक आहे. वर्षातल्या चांगल्या गाण्यांत धरलंय."

त्यांनी डायरी काढली, पण काही लिहिलं नाही. "मुद्दाम," ते म्हणाले. "मी कशाला मुद्दाम खाली गाईन?"

त्याच गाण्याखाली दुसऱ्या कुणीतरी मराठीत लिहिलं होतं, 'गायकाला आधी सूर शिकवा.' ते त्यांनी स्वतःच वाचलं. दोघांचं म्हणणं एकच होतं. एकाला ते आवडलं होतं, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक.

संध्याकाळी त्यांनी भाचीला विचारलं. ती रडायला लागली. तिला माहीत होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी तिनं चार वेळा पुन्हा गायला लावलं होतं, माईकचं निमित्त सांगून. टेम्पोवाल्यालाही माहीत होतं. "मला वाटलं गाणंच तसं हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, तुमाला म्हाईत हुतं का?"

खरं सांगायचं तर मला गाण्याच्याही आधीपासून माहीत होतं. गाण्याच्या सहा महिने आधी त्यांनी कान देऊन चांगला म्हणून बाजूला ठेवलेला एक ब्रॅकेट मी सहज उचलला, आणि बोटाला त्यातली चीर जाणवली. आठवड्याभरात आणखी दोन. मी ते तुकडे गुपचूप रिजेक्ट मालाच्या लाल पेटीत टाकले. त्यांच्या हाताखालचा माल दोनदा तपासायला लागले आणि कुणालाही काही बोलले नाही. मला ती माया वाटत होती. शिवाय साहेबांना कळलं असतं तर त्यांना प्रेसवरून काढलं असतं.

"हो," मी म्हणाले. आणि ब्रॅकेटचंही सांगितलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि मशीनकडे गेले. पुढचे चार दिवस आमच्या दोघांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे शब्द नाही.

पाचव्या दिवशी बायकोनं त्यांना धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आल्यावर ते स्वतःहून माझ्या टेबलापाशी बसले. डावा कान बराचसा गेला होता. उजवा अजून चालत होता. पण खरी गंमत पुढं होती, ते म्हणाले. डाव्या कानाला तोच सूर वेगळा ऐकू येत होता.

"डावा एक सांगतो, उजवा दुसरंच. दोघांचं जमत न्हाई. भाऊबंदकी झालीय डोक्यात." ते हसले. मला हसता आलं नाही. "प्रेसचं बोलनं ऐकत बसलो वीस-पंचवीस वर्षं. तिनं बोलून बोलून कान खाल्ला."

त्यांनी साहेबांकडे स्वतः जाऊन सांगितलं. त्यांना स्टोअरमध्ये हलवलं. मशीन सोडून खिळ्यांच्या खोक्यांत. माझं लपवणं त्यांनी साहेबांना सांगितलं नाही.

इतकं सगळं झाल्यावर पुण्याहून बोलावणं आलं. त्या लेखामुळे. एका दुपारच्या कार्यक्रमात पाच-सहा बँड, त्यांत 'जेवणाची सुट्टी'. भाची आनंदानं नाचायची ती कपाळाला हात लावून बसली. टेम्पोवाल्याचं गणित सरळ होतं. "त्यांनी खाली गातो म्हनून बोलावलंय. आता तुमी बरोबर गायलात, तर त्यांची फसवनूक. आन् खाली गायलात, तरी फसवनूक, कारन ते मुद्दाम न्हाई."

"मग गावं का न्हाई?" ते विचारायचे. मला, भाचीला, चर्चमधल्या ज्येष्ठांना, गेट-पास मागायला आलेल्या ड्रायव्हरला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. डायरीची दोन पानं भरली.

शेवटी त्यांनी लेख लिहिणारीलाच फोन लावायचं ठरवलं. मी नंबर मिळवून दिला, फोन स्पीकरवर टाकला. तिकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. तिनं आधी पाच मिनिटं गाण्याचं कौतुक केलं. ते थांबून म्हणाले, "ताई, तुमी लई चांगलं लिहिलंय. पन ते मुद्दाम न्हाई. माझा कान गेलाय. मला वाटलं मी सुरात हाय."

 मग ती म्हणाली, "सर, म्हणजे हे तर अजूनच जास्त खरं आहे. मी लेखात हे घालू का?"

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजे आता गानं अजून चांगलं झालं?"

"ती तसंच म्हणतेय."

"मॅडम, ह्या लोकांना गानं आवडलं का माझा कान?"

मी फोनकडे बोट दाखवलं, ती अजून थांबली होती.  त्यांनी फोनवरचा हात काढून तिला सांगितलं, "कानाचं नका लिहू. घरातली गोष्ट हाय."

पुण्याला आम्ही टेम्पोतूनच गेलो. पुढं टेम्पोवाला आणि त्यांची बायको, मागं ड्रमच्या मधोमध आम्ही तिघं. कार्यक्रम एका जुन्या गोडाऊनमध्ये होता. प्रेक्षक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि सगळे उभे. खुर्च्या नाहीत हे बघून त्यांच्या बायकोनं तिथल्या एका माणसाला झापलं, तर त्यानं बिचाऱ्यानं एक आणून दिली.

महिनाभर भाचीनं एक युक्ती बसवली होती. तिनं त्यांच्या डाव्या कानात कापूस घालायला लावला आणि स्वतः उजव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. प्रत्येक ओळीचा पहिला सूर ती त्यांच्या कानाशी गुणगुणायची, मग ते उचलायचे. समोरच्यांना वाटलं असेल, मामा-भाची काय जवळजवळ उभे राहून गातात.

आणि ते सुरात गायले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. गाताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर घाम होता. टाळ्या पडल्या. बऱ्या पडल्या. पण त्याआधीच्या एका बँडला पडल्या तशा नाहीत.

नंतर लेख लिहिणारी भेटायला आली. बारीकशी, चष्मा लावलेली. तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, "सर, आज वेगळं वाटलं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते त्यांनी प्रेस शॉप सोडल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

"व्हय ना?" ते म्हणाले. "आज बरोबर आलं!"

तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि हसली. त्या कार्यक्रमावर तिनं पुढं काही लिहिलं नाही. भाचीनं तिथलं रेकॉर्डिंग मिळवून इंटरनेटवर टाकलं, नवं 'हात हलतात' म्हणून. त्याखाली कुणाचं काही नाही. चांगलं नाही, वाईट नाही. 'सूर शिकवा' म्हणणाराही फिरकला नाही.

ते मला विचारत राहिले. "मॅडम, तुमी क्वालिटीच्या. खरं सांगा. जुनं का नवं?"

"दोन्ही आपापल्या जागी," मी सांगायचे. हे उत्तर आमच्या खात्यात कुणी दिलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोची बदली भंडारदऱ्याकडच्या एका गावात झाली. त्यांनी नोकरी सोडली. स्टोअरमध्ये तसंही मन लागत नव्हतं. तिथं डोंगर असतात, गोंगाट नसतो, असं बायकोनं त्यांना पटवलं. भाची शाळेमुळे इथंच राहिली, आणि बँड सुट्टीतच राहिला म्हणायचा.

सकाळी टेम्पो भरला. पलंग, पातेली, गोधडीत गुंडाळलेली गिटार. टेम्पोवाला स्टिअरिंगवर बसला, मधे बायको, आणि ते डावीकडच्या खिडकीशी. भाची रडून झाल्यामुळे जरा लांब उभी होती. इंजिन सुरू झालं तेव्हा मी खिडकीशी गेले.

"जुनं," मी म्हणाले. "मला जुनं आवडतं. खालचं. रोज बसमध्ये तेच ऐकते."

त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. चेहरा प्रसन्न होता. "व्हय, व्हय," म्हणाले.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्या डाव्या कानाशी बोलले होते. टेम्पोला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जायला मला जागाही होती आणि वेळही.