पडद्याच्या पोटातलं ब्लँकेट

"सासूबाई, दूध उतू गेलं," सून म्हणाली, तरी पडदेवाल्या मावशी खिडकीपाशीच. समुद्राकाठच्या जुन्या हॉटेलातले आपण शिवलेले पडदे उतरवल्याचं कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढ्यात दार वाजलं. हॉटेलाची नवी सजावट करणाऱ्या बाई उभ्या होत्या, काखेत मावशींचाच एक पडदा.

"मावशी, नवे झुळझुळीत पडदे लावले आणि जेवणाच्या हॉलमध्ये नुसता कालवा माजलाय. चमचा पडला तरी घुमतो. तुमच्या पडद्यांत असं होतं तरी काय?"

मावशींनी कात्रीनं कड उसवली. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये अख्खं ब्लँकेट शिवलेलं होतं.

"तेव्हाही बशा घुमायच्या, गिऱ्हाइकं वैतागायची. मग घातलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"तरीच आपल्या घरात एक ब्लँकेट धड नाही," सून पुटपुटली.

बाई हसल्या. "तेच पडदे पुन्हा लावू. ब्लँकेटं विरलीत, नवी घालून द्याल?"

मावशी सकाळपासून पहिल्यांदाच खाली टेकल्या.

"देते. पण तीस वर्षं त्या हॉलमध्ये मी शिडीवरच होते. पडदे लागले की मला एकदा टेबलाशी बसवून चहा द्या."